मुहूर्त अल ऐनला, मी इब्रीत

इब्री हे जुनं गाव फार देखणं आहे असं सगळे म्हणतात. असेल बापडं. मी तिथे एका शुक्रवारी सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत होते. अंगावर पैठणी, हातात हिरवा चुडा, केसांत आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवलेला गजरा, अशा थाटात. त्या साडेचार तासांत मी गाडीवर, नवऱ्यावर, त्या गावावर आणि शेवटी स्वतःवर जेवढी चिडले, तेवढी पंचवीस वर्षांत ओमानच्या उन्हावरही चिडले नसेन.

त्या दिवशी दुपारी बारा बत्तीसला माझ्या मुलाचा साखरपुडा होता. तोही अल ऐनला, म्हणजे सीमेपलीकडे, अमिरातीत. मुलगा तिथे नोकरीला आणि मुलीचं घरही तिथेच. आम्ही दोघं मस्कतला, रुवीत राहतो. आमचे हे एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत आणि मी डबे करते. आपल्याकडची एकटी राहणारी माणसं, बहुतेक कोकणातलीच, माझ्याकडून डबा नेतात. माझा डबा बाराला म्हणजे बाराला. पाच मिनिटं उशिरा गेलेला डबा मी आजवर कुणाच्या हातात ठेवलेला नाही. वेळेच्या बाबतीत माझ्या नाकावर माशी बसत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, आणि मला त्याचा गर्वही होता. होता म्हणते, कारण त्या शुक्रवारी तो चांगलाच उतरला.

आता खोटं कशाला बोलू? मुलगी बौद्ध आहे हे मुलाने सांगितलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. मुलगी शिकलेली, इंजिनिअर, बाप इंजिनिअर, आई शाळेत शिकवायची. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणूनच मला जास्त राग येत होता. हे म्हणाले, "अगं, पोरगा पसंत करून बसलाय. आपण दोघं काय आता पंचायत भरवणार?" मी म्हटलं, तुम्हाला काय जातंय बोलायला, गावी तोंड मला दाखवायचंय. मग गावी दिरांना फोन झाले, नणंदेला झाले. कुणी हो म्हणालं, कुणी गप्प बसलं. मी रडून घेतलं आणि हो म्हणाले. पण मनातून मी काही एवढी मोठी झाले नव्हते.

त्यांच्या घरी पद्धत वेगळी. ब्राह्मण नाही, मंत्र नाहीत, वंदना घेतात आणि कार्य करतात. मला वाटायला लागलं, यात माझं म्हणून काय उरलं? माझा एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या साखरपुड्याला मी पाहुणी? म्हणून मी एक अट घातली. अंगठ्या मुहूर्तावर घालायच्या. कणकवलीच्या आमच्या गुरुजींना फोन करून मी वेळ काढून घेतली. त्यावरही आमच्याकडे दोन संध्याकाळ वाद झाला. यांचं म्हणणं, पंचांग तिकडचं, सूर्य इकडचा, मग घड्याळ कुठलं धरायचं? गुरुजींनीही आधी भारतातली वेळ दिली, मग मी खडसावल्यावर पुन्हा हिशेब करून इकडचे बारा बत्तीस सांगितले. मुलीच्या वडिलांना फोन करून मी ते सांगितलं, जरा ताठ्यातच. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. पण तुमचं समाधान होणार असेल तर आमची काहीच हरकत नाही. आम्ही आधी वंदना घेऊ, मग तुमच्या वेळेला अंगठ्या." एवढ्या सहज कबूल झाले की माझी भांडायची तयारी फुकट गेली. त्यानंतर दोन महिने मी रोज कुणाला ना कुणाला बजावत होते. बारा बत्तीस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

मस्कतहून अल ऐनला जायचा सरळ रस्ता सोहारवरून. सगळे त्याच रस्त्याने जातात. पण आमच्या ह्यांना सरळ रस्ता आवडेल तर शपथ! "निझवावरून जाऊ," म्हणाले. का? तर निझवाचा हलवा. ओमानी हलवा रुवीतही मिळतो, आमच्या बिल्डिंगखाली मिळतो. पण नाही. व्याही आहेत, त्यांना निझवाचा, त्या एका म्हाताऱ्याच्या दुकानातला, कढईतून काढलेला गरम हलवा न्यायचा. "तेवढाच फरक पडतो गं, अर्धा तास." मी पहाटे तीनला उठून करंज्या तळल्या होत्या, माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. साडेपाचला निघालो. सव्वासातला निझवात पोचलो तर दुकान बंद. आठला उघडतं. पाऊण तास आम्ही बंद दुकानासमोर गाडीत बसलो होतो. हे मधूनमधून म्हणत होते, "आलाच बघ." मी पैठणीच्या निऱ्या मोडू नयेत म्हणून ताठ बसले होते आणि मनातल्या मनात यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

हलवा मिळाला. चांगले चार वाडगे. तिथून पुढे बहला गाव गेलं, इब्री जवळ आली, आणि हे जरा गुणगुणायला लागले. तेवढ्यात माझं लक्ष काट्याकडे गेलं. गाडी गरम झाल्याचा काटा पार लालात.

"अहो, हे काय?"

"काही नाही, चढ आहे ना."

चढ कुठला! रस्ता पाटासारखा सपाट. पाच मिनिटांत बॉनेटमधून वाफ आली. हा माणूस आयुष्यभर लोकांची घरं गार करतो आणि स्वतःची गाडी तापलेली याला कळत नाही! कशीबशी थांबत, पाणी ओतत, पुन्हा थांबत आम्ही इब्रीच्या गॅरेजांच्या रस्त्याला लागलो तेव्हा दहा वाजले होते. दोन्ही बाजूला गॅरेजं, वीस-पंचवीस तरी असतील, आणि सगळ्यांची शटरं खाली. शुक्रवार! शुक्रवारी या देशात सकाळी काय उघडं असतं? पंचवीस वर्षं इथे राहून आम्ही दोघांनी मुहूर्त बघितला, तिथी बघितली, राहुकाळ बघितला, आणि वार शुक्रवार आहे याचा विचार केला नाही. वाराचं एवढंच कौतुक होतं की ह्यांना सुट्टी आहे.

एका गॅरेजच्या मागच्या खोलीतून हे कुणाला तरी उठवून घेऊन आले. लुंगीवरचा बांगलादेशी मिस्त्री, डोळे चोळत आलेला. त्याने बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि म्हणाला, "वॉटर पंप खलास." नवा पंप मिळेल, पण दुकान चारला उघडेल. बसवायला दोन तास. हे त्याला समजावत होते, तो मान हलवत होता, बिचारा. मी हिशेब केला. इथून अल ऐन दीड-पावणेदोन तास, त्यात सीमेवरचा वेळ. आता टॅक्सी मिळाली तर अजूनही जमेल.

मग सुरू झाली आमची वरात. मी पैठणीत, हे सफारीत, एका हातात ओटीचं सामान, साडी आणि नारळ असलेली पिशवी, दुसऱ्या हातात ह्यांचा तो हलवा. सामान गाडीत ठेवायला मी तयार नव्हते. मिस्त्रीने दाखवलेल्या रस्त्याने आम्ही जुन्या गावात शिरलो, म्हणे तिथे किल्ल्यापाशी टॅक्सी उभ्या असतात. आता सांगते, गाव खरंच बघण्यासारखं होतं. मातीचे उंच वाडे, भिंतींचा रंग भाजलेल्या नाचणीच्या पिठासारखा, नक्षीची जुनी लाकडी दारं, कुठल्या दारावर निळा रंग अजून टिकलेला. गल्लीच्या कडेने फलज वाहत होता. फलज म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचा पाट, आपल्याकडे सुपारीच्या कुळागरात असतो तसाच. त्याच्यात बोटाएवढे मासे. खजुराच्या बागांतून गार वारा येत होता, माघाचा महिना होता ना. हे थांबले. खरंच थांबले! "बघ गं, काय सुंदर आहे. फोटो काढू?"

"काढा," मी म्हटलं, "आणि खाली लिहा, मुलाच्या साखरपुड्याला आईबाप इथे होते."

फोटो काही काढला नाही.

किल्ल्यापाशी टॅक्सी होती. एकच. नारिंगी-पांढरी, आणि तिच्या बाजूला एका बंद चहाच्या टपरीच्या पायरीवर तिचा म्हातारा मालक बसलेला. पायघोळ पांढरा दिशदाशा, भरतकामाची टोपी, दाढी सगळी पांढरी. ह्यांनी हिंदीत सगळं सांगितलं. इकडच्या जुन्या माणसांना हिंदी बरीच येते. चाचा म्हणाला, "हाफीत बॉर्डर? चलेगा. लेकिन बाद सलाह." नमाजानंतर. म्हणजे दोनच्या पुढे.

हे अजिजीने म्हणाले, "चाचा, आता चला ना. वाटेत मशीद लागेल, तिथे नमाज करा."

चाचा हसला. त्याचे वडील घरी होते, नव्वदीच्या पुढचे. दर शुक्रवारी हाच त्यांना धरून मशिदीत नेतो, दुसऱ्या कुणाबरोबर ते जात नाहीत. "बाप इंतज़ार करता है," तो म्हणाला. माझ्या घशात शब्द आले होते की तिकडे माझा मुलगाही वाट बघतोय. पण ते गिळले.

दुसरी टॅक्सी बघत आम्ही अर्धा तास त्या चौकात उभे होतो. एकही नाही. अकरा वाजून गेले. मुलाचा फोन. तो म्हणाला, मी निघून तिकडे येतो. मी म्हटलं, शहाणाच आहेस, दीड तास येणार, दीड तास जाणार, आणि मुहूर्ताला तिकडे अंगठी काय करंजीला घालणार?

मग मुलीच्या वडिलांचा फोन आला. हा फोन मला शब्द न् शब्द आठवतो.

"ताई, मला कळलं सगळं. तुम्ही अजिबात घाईगडबड करू नका. आम्ही थांबतो की. घरातलाच कार्यक्रम आहे, हॉल थोडाच घेतलाय? आमचीच आठ-दहा माणसं. जेवून घेतील. तुम्ही या सावकाश, चार वाजू देत नाहीतर पाच."

किती साधं बोलला तो माणूस. मला बरं वाटायला हवं होतं. मला आला राग. वाटलं, बघा, यांना माझ्या वेळेची किंमत अशी. चार काय, पाच काय! आणि दुसरं असं वाटलं, ते जास्त खरं, की आता मी हो, थांबा म्हटलं तर दोन महिने मी जे सगळ्यांना नाचवलं ते काय होतं? माझी सोय असेल तेव्हा मुहूर्त आणि गैरसोय झाली की नाही? ही माणसं आयुष्यभर मला ऐकवतील. ऐकवणार नाहीत, पण मनात तरी म्हणतील.

"नको भाऊ," मी म्हटलं. "मुहूर्त म्हणजे मुहूर्त. आमच्यासाठी थांबू नका. वेळ साधा."

"असं कसं ताई? मुलाची आई..."

"आई आली काय, नाही आली काय. बारा बत्तीस टळता कामा नये."

मग ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

हे माझ्याकडे बघत राहिले. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? मुद्दाम थांबतायत ते, आणि तू..."

"तुम्ही तुमचा हलवा सांभाळा," मी म्हटलं.

पाच मिनिटांनी मुलाचा पुन्हा फोन. "आई, निदान व्हिडिओवर तरी ये. मी फोन समोर ठेवतो."

"फोनवरून बघायला मी काय सिरीयल बघतेय?" म्हणून मी फोन ठेवला. स्वतःच्याच पायावर धोंडा मारायचा तर असा मारावा, की शेजाऱ्यालाही आवाज जावा.

चाचाला आमच्यातलं भांडण कळलं असावं, भाषा कळली नाही तरी. तो उठला आणि म्हणाला, घरी चला. नमाज होईपर्यंत रस्त्यात उभं राहायचं नाही. आम्ही नको नको म्हणतोय तोवर त्याने हलव्याची पिशवी उचलून चालायला सुरुवातही केली. हलवा गेला म्हणून हे मागे, आणि हे गेले म्हणून मी.

सांगायला लाज वाटते. पंचवीस वर्षं मी या देशात राहते, पण ओमानी माणसाच्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. रुवीत आपलं सगळं आपल्याच माणसांत. भाजीवाला मल्याळी, शिंपी हैदराबादी, डॉक्टर आपला. घर अर्धं नवं, अर्धं जुनं होतं. ह्यांना पुढच्या बैठकीत बसवलं आणि मला आत, जुन्या भागात, बायकांच्या खोलीत. मातीच्या हातभर जाड भिंती, कोनाड्यांत रंगीत बशा, खाली गालिचा. चाचाची बायको माझ्याच वयाची असेल. तिने माझी पैठणी दोन बोटांत धरून बघितली, चुडा बघितला, आणि म्हणाली, "बंबई?" नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी ती कधीतरी तीन महिने मुंबईला राहिली होती. तेवढ्यात शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी तिला येत होतं. मी हो म्हटलं. कणकवली कुठे समजावत बसू?

चाचा वडिलांना घेऊन मशिदीत गेला. आमच्यासमोर आलं संत्रं, सफरचंद, खजूर, कावा म्हणजे वेलची घातलेली ती कडू कॉफी, आणि काय? हलवा. निझवाचा. मी त्या हलव्याकडे बघितलं आणि मला हसू आलं की रडू ते कळलं नाही.

कप असतो एवढासा, घोटभर. मी प्यायले, तिने भरला. मी पुन्हा प्यायले, तिने पुन्हा भरला. नको म्हणायचं तर कप हातात जरा हलवायचा असतो, हे आमच्या ह्यांना कामावर फिरून ठाऊक होतं, मला कुठे माहीत? मी आपली आपल्या पद्धतीने "नको नको, बस" म्हणत होते आणि कप पुढे करत होते. सहा कप झाले. आधीच जीव थाऱ्यावर नाही, त्यात ती कॉफी. भिंतीवर घड्याळ होतं. बारा पाच. बारा दहा. तिकडे वंदना सुरू झाली असेल. मुलाने क्रीम रंगाचा कुडता घातला असेल, मीच निवडलेला. कॉलर नीट आहे का कोण बघणार? लहानपणापासून त्याची कॉलर एका बाजूने आत जाते.

तिने विचारलं, "किधर जाता?"

मी म्हटलं, "अल ऐन. बेटे का..." साखरपुडा हिंदीत कसा सांगू? बोटात अंगठी घालून दाखवली.

तिचा चेहरा खुलला. "माशाल्ला! कब?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. "अभी. साढ़े बारा."

"अभी?" तिने घड्याळ बघितलं, मला बघितलं. "तुम इधर, बेटा उधर?"

"हां."

"कौन बोला, करो?"

"मैं बोला."

तिला वाटलं आपल्यालाच हिंदी कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, बोट माझ्याकडे करून, "तुम? अम्मा बोला, अम्मा नहीं आता, करो?" आणि मी मान हलवल्यावर ती हसायला लागली. तोंडावर ओढणी धरून, खूप हसली. वाईट हेतूने नाही, पण तिला ते खरंच आवरेना. मग माझा चेहरा बघून थांबली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नमाज़ का टाइम, वो अल्लाह का. बाकी टाइम... अम्मा आता, तब करता. गुस्सा है बेटे से?"

गुस्सा! मी नाही म्हणायला तोंड उघडलं. होता ना राग. त्याने मला न विचारता मुलगी निवडली याचा होता, तिच्या बापाने भांडू दिलं नाही याचा होता, आणि त्या मुलीत खोट सापडत नव्हती याचा तर सगळ्यात जास्त. मुहूर्त बिचारा त्यात उगीच भरडला जात होता. माझ्या डोळ्यांसमोर आला तो आमचा मुलगा, बोटात अंगठी घालून घेताना दाराकडे बघणारा. आपण लहान असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघतो ना, आई आली का म्हणून, तसा. आणि मी इथे सातवा कप धरून बसलेय! कोणता ग्रह माझ्या मुलाचं वाईट करणार होता, चार वाजता अंगठी घातली म्हणून? मलाच तिथे असायचं होतं. मला जायचं होतं, बाकी काही नको होतं.

बारा सत्तावीस.

मी फोन काढला. रेंज नाही. त्या हातभर भिंतींतून रेंज कुठली येणार! मी उठले, पैठणीचा काठ पायात आला, पडता पडता वाचले, आणि चपला न घालता बाहेर पळाले. ती बाई मागून हाका मारत होती. अंगणात एक काडी आली आणि गेली. मी दार उघडून गल्लीत आले, पुढे फलजाच्या कडेपर्यंत. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळे पुरुष मशिदीत, लाउडस्पीकरवर खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, चाललेला. तिथे रेंज आली. बारा एकोणतीस.

मुलाला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तेच. मुलीच्या वडिलांना लावला. रिंग पूर्ण गेली, कुणी उचलला नाही. वंदनेला सगळ्यांनी फोन गप्प करून ठेवले असणार, चांगली माणसं ती. मग म्हटलं मुलीलाच लावू. यादीत तिचं नाव शोधायला लागले, आणि आठवलं, तिचा नंबर माझ्याकडे नाहीच. दोन महिन्यांत मी तो मागितलाच नव्हता. अडलं नव्हतं ना काही माझं.

मुलाला मेसेज लिहिला, 'थांबा'. पाठवला. एक टिक आली, दुसरी आली, निळी काही होईना. बारा बत्तीस मी तिथे अनवाणी उभी राहून बघितले. मग बारा तेहतीस. हे कुठून तरी धावत आले, "काय झालं, काय झालं?" म्हणत. मी फोन पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि फलजाच्या कट्ट्यावर माझ्या बाजूला बसले.

बारा एकेचाळीसला अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. उचलला तर ती. नीट बघितलं मी तिला त्या दिवशी, एवढ्याशा पडद्यावर. कपाळावर घाम, डोळ्यांत काजळ थोडं पसरलेलं, आणि मागे कुणीतरी पेढे वाटत होतं.

"आई," ती म्हणाली. तोवर ती मला काकू म्हणायची. "आई, बरोबर बारा बत्तीस. मी मोबाइलचं घड्याळ समोर लावून ठेवलं होतं, सेकंदासकट. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते थांबू या. हा तर उठूनच चालला होता, नाही घालत म्हणाला. मीच त्याला बसवला. मी म्हटलं, आईंनी आपल्याकडे एकच गोष्ट मागितली. ती तरी त्यांच्या मनासारखी होऊ दे." तिने हात वर करून अंगठी दाखवली. "झालं ना बरोबर?"

हो, म्हणायला हवं होतं मी. बरोबर झालं, शहाणी आहेस. हे मला कोपराने ढोसत होते, बोल, बोल काहीतरी. पण बोलण्याआधी हुंदकाच आला, आणि तो एकदा आला की मला थांबवता येत नाही.

ती घाबरली. "आई, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "तुझं नाही. मी थांबा म्हणायला फोन करत होते. तुझा नंबरच नव्हता माझ्याकडे."

तिने मागे वळून बघितलं, बहुतेक माझ्या मुलाकडे, आणि मग पुन्हा माझ्याकडे.

"मग आधी सांगायचं ना, आई," ती म्हणाली. "आम्ही सगळे थांबायलाच बसलो होतो."